आठ अंशांची चूक

ह्या पानांवर वाचकांनी आजवर कुलाब्याच्या वाड्यांच्या, मुंबईच्या चाळींच्या, सणावारांच्या आणि मलिद्याच्या आठवणी आवडीने वाचल्या आहेत. माझा आजचा विषय जरा वेगळा, काहींना कदाचित रुक्ष वाटेल असा आहे. मी मोटारीच्या इंजिनाविषयी लिहिणार आहे. परंतु आपल्या समाजात रेल्वेच्या कारखान्यांत, गोदीत आणि गॅरेजांत हात काळे करून पोट भरलेली माणसे थोडी नाहीत. त्यांना हा विषय परका वाटणार नाही. बाकीच्यांनीही शेवटपर्यंत वाचावे, कारण ही गोष्ट इंजिनापाशी संपत नाही.

१९९३ साली माझ्या थोरल्या भावाने नवी टोयोटा कोरोला घेतली. पांढरी, १६०० सी.सी., पेट्रोल-इंजेक्शनची. दादा दिमोनात राहत असे आणि मी बेरशेबात. मध्ये पस्तीसएक किलोमीटरचे अंतर. शब्बात उलटून आकाशात तीन तारे दिसले की तासाभरात ती पांढरी गाडी आमच्या इमारतीखाली उभी राही. दादा चालवायला, बाजूला वहिनी, तिच्या मांडीवर बिरड्याचा नाहीतर करंज्यांचा डबा, आणि मागे माझा पुतण्या. आमच्या घरात ती गाडी म्हणजे नुसते वाहन नव्हते. दोन घरांमधला तो दोरा होता.

गाडीची देखभाल अर्थातच माझ्याकडे. मी १९७४ साली इस्राएलला आलो, त्याआधी भायखळ्याच्या एका गॅरेजात सहा वर्षे काम शिकलो होतो. आमच्याकडे बहुतेक फियाट टॅक्सी येत. उस्ताद फारसे शिकलेले नव्हते, पण त्यांचा कान असा की रस्त्यावरून जाणाऱ्या टॅक्सीचा आवाज ऐकून कुठल्या नंबरचा प्लग मार खातो ते सांगत. टायमिंग लावायला त्यांना कुठलेच यंत्र लागत नसे. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करायचा, इंजिन चालू ठेवून तो हाताने हळूहळू फिरवायचा, इंजिन गाऊ लागले की केसभर मागे घ्यायचा आणि बोल्ट आवळायचा. मग चढावर टॉप गिअरमध्ये गाडी न्यायची. खडखड झाली तर आणखी केसभर मागे. मीही तेच शिकलो, आणि पुढे आयुष्यभर 'माझा कान आहे' ह्या घमेंडीत राहिलो.

ज्यांना टायमिंग म्हणजे काय ते ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. सिलिंडरमध्ये पिस्टन वर येऊन पेट्रोल-हवेचे मिश्रण दाबतो आणि प्लगची ठिणगी ते पेटवते. मिश्रण एका क्षणात पेटून संपत नाही, त्याला वेळ लागतो. म्हणून पिस्टन अगदी वर पोचण्याच्या थोडी आधीच ठिणगी पडावी लागते. किती आधी, ते इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या फेऱ्याच्या अंशांत मोजतात. पूर्ण फेरा ३६० अंशांचा. गाडी उभी असताना, ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन ज्या चालीने चालते तिला आमच्या गॅरेजात 'स्लो' म्हणत. स्लो मिनिटाला ८०० फेऱ्यांचा धरला तर एका फेऱ्याला सेकंदाच्या तेराव्या भागाइतका वेळ लागतो, आणि दहा अंश म्हणजे सेकंदाचा सुमारे पाचशेवा भाग. एवढ्याशा वेळेवर सगळा खेळ. ठिणगी उशिरा पडली तर जोर पिस्टन ढकलण्याऐवजी धुराड्यातून उष्णता होऊन बाहेर जातो. इंजिन तापते, ओढत नाही, पेट्रोल खाते. फार लवकर पडली तर इंजिन खडखडते आणि पिस्टनला इजा होते.

इंजिनाचा वेग वाढला की ठिणगी आणखी लवकर पडावी लागते. जुन्या फियाटमध्ये हे काम डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली फिरती वजने आणि बाजूची व्हॅक्यूमची डबी करीत. इंजेक्शनच्या ह्या गाडीत ते काम कॉम्प्युटर करतो. इंजिनाची गरमी, वेग, हवेचा दाब, पाय कुठे आहे, हे सगळे पाहून ठिणगी कधी पाडायची ते तो दर वेळी ठरवतो. डिस्ट्रिब्युटर त्याला फक्त 'पिस्टन इथे आहे' एवढे कळवतो. कळवण्यात चूक असेल तर कॉम्प्युटर त्या चुकीवरच आपला हिशेब मांडतो.

आता माझी कर्मकथा. २००९ साली डिस्ट्रिब्युटरच्या बुडाचे रबरी कडे तेल गाळू लागले. टायमिंगचा पट्टाही बदलायला आला होता. मी दादाच्या अंगणातच दोन्ही कामे काढली. डिस्ट्रिब्युटर काढला म्हणजे पुन्हा बसवल्यावर टायमिंग लावणे आलेच. ह्या वेळी माझ्याजवळ टायमिंग लाइट होता. पहिल्या प्लगच्या केबलला त्याचा चिमटा लावायचा. दर ठिणगीबरोबर लाइट चमकतो, आणि फिरत्या पुलीवरची खूण जागच्या जागी थिजल्यासारखी दिसते. ती बाजूच्या पट्टीवरच्या कितव्या अंशापाशी आहे ते वाचायचे. दुरुस्तीच्या पुस्तकात आकडा होता दहा अंश. मी डिस्ट्रिब्युटर फिरवून खूण बरोबर दहावर आणली आणि बोल्ट आवळले. जागा पुढे सापडावी म्हणून वहिनीकडून लाल नेलपॉलिश मागून घेतली, आणि डिस्ट्रिब्युटरच्या अंगावरून इंजिनाच्या अंगावर जाणारी एक बारीक रेघ ओढली. वहिनी हसून म्हणाली, "भावजी, इंजिनाला मेंदी काढता की काय?"

काम नीटनेटके झाले होते. फक्त पुस्तकातला आकडा मी वाचला होता, त्याच्या आधीची ओळ वाचली नव्हती. बॉनेटखाली कारखान्याने एक लहानशी काळी डबी दिलेली असते. तिच्यातल्या 'टी-ई-१' आणि 'ई-१' ह्या दोन टोकांना तारेचा तुकडा लावून जोडायचे, म्हणजे कॉम्प्युटर आपली भर घालणे थांबवतो आणि इंजिन मूळ टायमिंगवर चालते. ते मूळ टायमिंग दहा अंश हवे. मी तार न लावताच दहावर आणले, म्हणजे त्या दहात कॉम्प्युटरने घातलेली भर धरूनच मोजले. खरे मूळ टायमिंग मागे राहिले. ठिणगी उशिरा पडू लागली.

कानाने मला सांगितले नाही का? सांगितले असणार. पण हातात नवे यंत्र होते आणि पुस्तकातला आकडा होता, त्यामुळे मी कानाकडे लक्ष दिले नाही. उस्तादांची विद्याही सोडली आणि पुस्तकाचीही पुरती धरली नाही. दोन्ही दरडींवर पाय ठेवणाऱ्याचे जे होते तेच झाले.

पंधरा दिवसांनी दादाचा फोन आला. सिग्नलला उभी राहिली की गाडी बंद पडते. साहजिकच होते. ठिणगी उशिरा पडली की स्लोचा जोर कमी होतो. त्या वेळी मी थांबून 'काय बदलले?' असा प्रश्न स्वतःला विचारायला हवा होता. त्याऐवजी मी गेलो आणि थ्रॉटलच्या झडपेला टेकणारा छोटा स्क्रू दीडेक फेरा आत घेतला, म्हणजे झडप पाय काढल्यावरही किंचित उघडी राहील. त्या स्क्रूवर कारखान्यातून रंगाचा ठिपका येतो. त्याचा अर्थ 'ह्याला हात लावू नका' असा असतो. मी तो ठिपका उस्ताद ज्याला डिसमिस म्हणत त्या स्क्रू-ड्रायव्हरने फोडला. गाडी बंद पडेनाशी झाली. दादा खूष, मी खूष.

पण एका चुकीवर दुसरी चूक बसली होती. थ्रॉटलच्या दांड्यावर एक लहान स्विच असते. झडप पूर्ण मिटली की तिच्यातला संपर्क जुळतो, आणि ड्रायव्हरने पाय काढला हे कॉम्प्युटरला कळते. झडप मिटेनाच, तेव्हा संपर्कही जुळेना. दिमोनाहून बेरशेबाकडे उतार आहे. उतारावर पाय काढला की कॉम्प्युटरने पेट्रोल बंद करायला हवे. आता तो तेही करीत नव्हता, कारण त्याच्या मते पाय अजून ॲक्सिलरेटरवरच होता.

त्यानंतर दादाने ती गाडी बारा वर्षे चालवली. दिमोनाच्या चढावर काटा वर जातो म्हणून माझ्या सल्ल्याने त्याने रेडिएटर बदलला. पेट्रोल जास्त लागते असे तो एकदा म्हणाला. मी म्हटले, "जुनी झाली आता, दादा." तो गप्प राहिला. शेजारच्या कुणीतरी त्याला गाडी दुसऱ्या गॅरेजात दाखवायला सांगितले तेव्हा तो काय म्हणाला, ते मला वहिनीकडून फार पुढे कळले. म्हणाला होता, "माझ्या भावाने हात लावलाय. नीटच असणार."

२०२१ च्या सुरुवातीला दादा गेला.

गाडी काही महिने उभी राहिली. मग पुतण्याने ती हातात घेतली. तो कचेरीत कॉम्प्युटरवर काम करणारा माणूस. हाताला ग्रीस कधी लागले नव्हते. पण बापाची गाडी भंगारात जाऊ द्यायची नाही, एवढे त्याच्या मनाने घेतले होते. तीस वर्षे पुरी झाली की इस्राएलमध्ये गाडीला संग्राहकांची गाडी म्हणून मान्यता मिळू शकते. तोवर ती चालती ठेवायची असा त्याचा बेत. त्याने दुरुस्तीचे पुस्तक आणले आणि पहिल्या पानापासून वाचले. नवे प्लग घातले, केबली बदलल्या. थ्रॉटलच्या नळीत वर्षानुवर्षांची काजळी साचली होती, ती धुऊन काढली. मीटर लावून पाहिले तर त्या स्विचेचा संपर्क जुळत नव्हता. त्याने तिचे दोन स्क्रू सैल करून ती फिरवली आणि संपर्क जुळवला. सगळे पुस्तकाप्रमाणे.

आणि गाडी वेड्यासारखी करू लागली. उभी असताना इंजिन आपोआप मोठ्याने गुरगुरे, मग एकदम पडे, पुन्हा गुरगुरे. जणू कुणी अदृश्य माणूस ॲक्सिलरेटरवर पाय मारीत बसला आहे.

दादाच्या पहिल्या वर्षाच्या अझकाराला आम्ही सारे दिमोनात जमलो होतो. प्रार्थना झाली, फळांवर आणि पोह्यांवर बेराखा झाल्या, आणि पुतण्याने मला हळूच विचारले, "काका, जरा गाडी बघाल का?" मी खाली जाऊन आवाज ऐकला. त्याने काय काय केले ते विचारले. आणि सगळ्या नातेवाइकांच्या देखत, चढ्या आवाजात त्याला म्हणालो, "तुझ्या बापाने ही गाडी अठ्ठावीस वर्षे चालवली, एकदा अशी वागली नाही. तू दोन शुक्रवार हात लावलास आणि वाट लावलीस. देऊन टाक भंगारात."

तो काही बोलला नाही. त्यानंतर दीड वर्ष आमचे बोलणे नव्हते. सणाला फोन यायचा तो वहिनीचा.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये एलूल महिना लागला. पहाटे सलिहोतला जायचे दिवस. एका सकाळी वहिनीचा फोन. आपल्या जुन्या बायकांप्रमाणे ती अजून योम किप्पूरला दारफाळणीचा सण म्हणते. म्हणाली, "भावजी, दारफाळणीचा सण आला जवळ. काका-पुतणे एकमेकांकडे पाठ करून देवापुढे उभे राहणार का?" मग जरा थांबून म्हणाली, "गाडी टेस्टमध्ये नापास झाली. धूर जास्त सांगतात. तो उद्या-परवा भंगारवाल्याला बोलावणार आहे. तुम्हीच सांगितलेत ना तसे."

पुढच्या शुक्रवारी सकाळी मी टायमिंग लाइट, मीटर आणि पाने पिशवीत घालून दिमोनाची बस धरली. पुतण्याने दार उघडले, 'शालोम' म्हटले आणि किल्ली माझ्या हातात दिली. मी म्हटले, "तूही चल खाली. पुस्तक घेऊन ये." ते का म्हटले ते मला आजही सांगता येत नाही. कदाचित टायमिंगची खूण वाचायला आता माझे डोळे पुरत नाहीत, म्हणून असेल.

ह्या वेळी मी घाई केली नाही. इंजिन थंड असतानाच प्रथम रेडिएटरचे झाकण उघडून पाणी पाहिले. ह्या जातीच्या जुन्या इंजिनांत थंडीत जास्त हवा आत सोडणारी एक मेणाची झडप असते. इंजिनाचे गरम पाणी तिच्याजवळून वाहिले की मेण फुगते आणि ती हवा बंद होते. पाणी कमी असले किंवा नळीत हवा अडकली तर तिला वाटते इंजिन थंडच आहे, आणि स्लो चढलेला राहतो. पाणी भरपूर होते. मग रबरी नळ्या एकेक दाबून पाहिल्या, जोडांवर पाण्याचे थेंब टाकले. कुठे भलतीच हवा आत ओढली जात असेल तर आवाज लगेच बदलतो. बदलला नाही. मग काळ्या डबीत दोन टोकांना तार लावली आणि किल्ली फिरवून समोरचा इंजिनाचा दिवा पाहिला. त्याच डबीने कॉम्प्युटर आपल्या तक्रारीही दिवा लुकलुकवून सांगतो. दिवा एकसारखा लुकलुकत राहिला, म्हणजे त्याची काही तक्रार नव्हती.

तार काढून इंजिन चालू केले आणि गरम होऊ दिले. मीटरवर फेरे हजारावरून अठराशेवर जात, पुन्हा हजारावर पडत. पुतण्या पुस्तकात बोट ठेवून म्हणाला, "काका, इथे लिहिलंय. संपर्क जुळलेला असताना फेरे फार चढले, तर तो समजतो गाडी उतारावर आहे, आणि पेट्रोल तोडतो. फेरे उतरले की पुन्हा देतो. म्हणजे तो बरोबरच करतोय. हवाच जास्त येतेय."

मी त्याच्याकडे पाहिले. पोरगा बरोबर बोलत होता. हवा जास्त येत होती, कारण झडप पूर्ण मिटत नव्हती. इतकी वर्षे काजळीने ती फट अर्धीअधिक बुजवून ठेवली होती, त्याने काजळी धुतली आणि फट मोकळी झाली. मी स्क्रूकडे बोट दाखवून विचारले, "ह्याचा रंग फोडून हा तू फिरवलास?"

"नाही. पुस्तकात लिहिलंय हात लावू नये. मी लावला नाही."

माझ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच राहिला. तो रंग मीच फोडला होता, हे मला त्या क्षणी आठवले. चौदा वर्षे मी ते पार विसरून गेलो होतो.

मी काही न बोलता स्क्रू मागे घेतला. झडप पुरती मिटली. पुतण्याने मीटर लावून स्विच पुन्हा नीट जुळवली. माझ्यापेक्षा सफाईने. इंजिन चालू केले, तर धापा टाकू लागले आणि बंद पडले. स्लोच्या हवेचा एक वेगळा स्क्रू असतो, त्याला हात लावायची परवानगी असते. तो उघडून कसेबसे चालू ठेवले, तार लावली, पहिल्या केबलला चिमटा लावला आणि लाइट त्याच्या हातात दिला. म्हटले, "वाच."

"दोन."

"नीट बघ."

"दोन, काका. दहा हवेत ना? आठ अंश मागे आहे."

मी डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करायला पाना घातला आणि खाली वाकलो. धुळीच्या, तेलाच्या थराखाली काहीतरी लाल दिसले. बोटाने पुसले. नेलपॉलिशची रेघ. अर्धी डिस्ट्रिब्युटरवर, अर्धी इंजिनावर, आणि दोन्ही टोके एकमेकांना तंतोतंत जुळलेली. म्हणजे २००९ पासून आजपर्यंत त्या डिस्ट्रिब्युटरला दुसऱ्या कुणाचाही हात लागला नव्हता. जो आठ अंशांचा फरक होता तो माझा होता. सिग्नलला गाडी बंद पडली ती माझ्यामुळे. चढावर काटा चढला तो माझ्यामुळे. दादाने रेडिएटरला पैसे घातले ते माझ्यामुळे. आणि ज्याच्यावर मी चारचौघांत ओरडलो, त्याने केलेले प्रत्येक काम बरोबर होते. त्याने फक्त काजळी धुतली, आणि तिच्याखालची माझी चूक उघडी पडली.

वाचकहो, त्या वेळी मला गप्प बसणे फार सोपे होते. आणखी दोन मिनिटांत मी टायमिंग दहावर आणले असते, रेघ पुसली असती, गाडी सुधारली असती आणि सगळ्यांनी 'काकांचा हात तो काकांचा हात' म्हटले असते. खोटे कशाला सांगू, तो विचार मनात आला. पण सलिहोतचे दिवस होते. माणसाने माणसाचा केलेला अपराध, ज्याचा केला त्याची समजूत घातल्याशिवाय योम किप्पूरसुद्धा धुऊन काढीत नाही, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकली आहे. ऐकणे वेगळे आणि गरम इंजिनावर वाकलेले असताना ती आठवणे वेगळे.

मी इंजिन बंद केले. त्याला जवळ बोलावून ती रेघ दाखवली. कुणी ओढली, कधी ओढली, कुठली ओळ मी वाचली नव्हती, कुठला स्क्रू मी फिरवला, सगळे सांगितले. मग म्हटले, "त्या दिवशी सगळ्यांसमोर तुला बोललो. ते माझे मला बोलायला हवे होते. मला क्षमा कर."

तो बराच वेळ रेघेकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "अब्बांना हे कधी कळलं नाही."

"नाही."

"बरं झालं," तो म्हणाला. मग लाइट उचलून म्हणाला, "चला काका, दहावर आणू या. आणि बोल्ट आवळल्यावर पुन्हा एकदा बघू. कधी कधी आवळताना सरकतं, असं लिहिलंय."

आम्ही दहावर आणले. खूण दोनवरून दहाकडे जसजशी सरकली तसतसे इंजिन आपोआप उचलू लागले. स्लोचा उघडलेला स्क्रू उलट बंद करीत आणावा लागला, तेव्हा फेरे आठशेच्या आसपास आले. बोल्ट आवळले. पुन्हा पाहिले, दहाच होते. मग तार काढली. खूण दहाच्या पुढे सरकली आणि थोडी इकडेतिकडे हलत राहिली. आता कॉम्प्युटर आपली भर घालीत होता, जशी घालायला हवी तशी. बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला असता तर लाट उठली नसती. असा आवाज मी त्या गाडीचा चौदा वर्षांत ऐकला नव्हता. वहिनी गच्चीत येऊन उभी राहिली होती. वरून म्हणाली, "ही आपलीच गाडी का हो?"

नवी रेघ ओढायला पुतण्याने तिच्याकडून नेलपॉलिश आणली. ह्या वेळी रेघ त्याने ओढली.

ज्यांच्याकडे अशा जुन्या इंजेक्शनच्या गाड्या अजून आहेत त्यांना ह्या अनुभवातून चार गोष्टी सांगतो. इंजिन पुरते गरम होऊ द्या, दिवे, पंखा, वातानुकूलन सगळे बंद ठेवा, आणि मगच टायमिंगला हात लावा. तुमच्या गाडीत कॉम्प्युटरला गप्प करण्याची जी रीत असेल ती पुस्तकात पाहा. ती प्रत्येक जातीच्या गाडीत वेगळी असते आणि ती न केल्यास लाइटवर दिसणारा आकडा फसवा असतो. स्लो बिघडला म्हणून लगेच स्लोचा स्क्रू फिरवू नका. आधी पाणी, मग नळ्यांतली चोरटी हवा, मग काजळी, मग थ्रॉटलचे स्विच, मग टायमिंग, आणि सर्वांत शेवटी स्क्रू. ज्या स्क्रूवर रंगाचा ठिपका आहे त्याला हात लावूच नका. आणि गाडी दुरुस्तीनंतर लगेच बिघडली तर शेवटी काय केले तेवढेच पाहू नका. पुष्कळदा शेवटचे काम बरोबर असते आणि त्याने फक्त जुने दुखणे उघडे पाडलेले असते. हे मी गाडीपुरते सांगतो आहे, पण घरातल्या भांडणांनाही ते लागू पडते असे मला आता वाटू लागले आहे.

गाडी टेस्टला पास झाली. वहिनीने एलियाहू हन्नाबीचा मलिदा बोलला होता, ते आम्हाला त्याच दिवशी कळले. योम किप्पूरच्या आधीच्या आठवड्यात तिने ताटभर पोहे, गूळ आणि खोबरे कालवले, वेलची घातली, वर फळे मांडली. अझकाराला आलेली बहुतेक मंडळी त्या संध्याकाळी पुन्हा जमली होती. मी त्या सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि २००९ सालची हकीकत सांगितली. चारचौघांत बोललो होतो, म्हणून चारचौघांतच परत घेतले. कुणीतरी हसले, कुणीतरी "जाऊ द्या हो" म्हणाले. पुतण्या मान खाली घालून मलिदा खात राहिला.

मी घरी जायला निघालो तेव्हा बस गेलेली होती. तो किल्ली घेऊन उठला आणि म्हणाला, "चला काका, सोडतो." बेरशेबाचा उतार आला. त्याने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. कॉम्प्युटरने पेट्रोल तोडले, गाडी नुसती आपल्या वजनाने, शांत घरंगळत खाली निघाली. इतकी वर्षे दादा ह्या रस्त्याने माझ्याकडे येत होता, आणि त्याला हा आवाज कधी ऐकायला मिळाला नव्हता. मी काच खाली केली आणि ऐकत बसलो.